नकाशा माणसांचा नको, वाटांचा काढा

कुठेही मोठा हल्ला झाला किंवा मोठी ऑनलाइन चोरी झाली की दोन दिवसांत तीच चर्चा सुरू होते. एका बाजूचे म्हणतात, अहो सगळी माहिती पडलेली होती, कॉल रेकॉर्ड होते, बँकेचे व्यवहार होते, तिकिटं होती, एआयने नुसतं जोडून दाखवलं असतं तरी हे टळलं असतं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, हे सगळं पाळत ठेवायचं निमित्त आहे, यातून आजवर काही निघालेलं नाही, बंद करा. मग कुणीतरी सांगतं की सिस्टिम ९९ टक्के अचूक आहे, त्यावर समोरचा विचारतो की उरलेल्या १ टक्क्यात तुम्ही असलात तर, आणि दोघांनाही वाटतं आपण जिंकलो. ही चर्चा मी इतक्यांदा ऐकलीये की पुढचं वाक्य कुठलं येणार ते आधीच कळतं, त्यासाठी एआय लागत नाही.

माझं म्हणणं असं आहे की दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडतायत. नेटवर्क सायन्स म्हणजे कोण कशाशी जोडलंय याचं गणित, आणि त्याच्यावर बसवलेलं एआय, हे 'गुन्हेगार कोण' या प्रश्नाला फार वाईट उत्तर देतं. पण 'कुणी घुसलाच तर कुठून घुसेल आणि आत कुठपर्यंत पोचेल' या प्रश्नाला तेच गणित अतिशय चांगलं उत्तर देतं. आणि आपण पैसा, हुशारी आणि भांडणं सगळी पहिल्या प्रश्नावर घालवतोय. माणसांचे नकाशे काढत बसलोय, वाटांचे नकाशे काढायचे सोडून.

आता आधी समोरच्यांच्या बाजूने जेवढं खरं आहे तेवढं मान्य करून टाकतो, कारण ते थोडंथोडकं नाही. 'नुसत्या कोण-कुणाशी-बोललं या माहितीतून काय कळणार' असं जे म्हणतात त्यांनी दुसऱ्या महायुद्धातलं ब्लेचली पार्क, म्हणजे शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायचं ब्रिटनचं केंद्र, आठवावं. तिथे गॉर्डन वेल्शमन नावाचा गणितज्ञ होता, त्याच्या लक्षात आलं की जर्मन संदेश वाचता आले नाहीत तरी कुठलं स्टेशन कुणाला, कधी, किती वेळा संदेश पाठवतंय एवढ्यावरूनसुद्धा समोरच्या सैन्याची रचना उलगडत जाते. मजकूर बंद लिफाफ्यात, पण लिफाफ्यावरचे पत्तेच बोलतायत. दुसरं उदाहरण वाल्डिस क्रेब्सचं. ११ सप्टेंबर २००१ नंतर या माणसाने कुठल्याही गुप्त फाइलशिवाय, निव्वळ वर्तमानपत्रांत छापून आलेल्या माहितीवरून १९ हायजॅकर्सचं जाळं कागदावर मांडलं, आणि मध्यभागी मोहम्मद अत्ता आला, जो खरोखरच त्या कटाचा म्होरक्या होता. तिसरं, शिकागोमधला २०१७ चा अभ्यास: २००६ ते २०१४ मधल्या ११,१२३ गोळीबाराच्या घटना घेतल्या, सोबत पकडले गेलेल्यांचं जाळं काढलं, आणि दिसलं की ६३ टक्के घटनांत हिंसा एखाद्या साथीसारखी ओळखीतून ओळखीकडे सरकत गेलेली आहे. वय, वस्ती वगैरे लावून केलेल्या अंदाजापेक्षा हे गणित सरस ठरलं. म्हणजे जाळी खरी असतात, ती दिसतात, आणि त्यांच्यात अर्थ असतो. 'हे सगळं थोतांड आहे' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण क्रेब्सच्या नकाशाकडे जरा परत बघा. तो कधी काढला? हल्ल्यानंतर. १९ नावं हातात आल्यावर. त्याने स्वतःच लिहिलंय की घटना घडून गेल्यावर ठिपके जोडणं सोपं असतं. बैल गेला आणि झोपा केला, असला तो प्रकार. 'अहो पण दोघांबद्दल तर आधीच माहीत होतं' असं लगेच सांगितलं जातं, आणि तेही खरंच आहे. नवाफ अल-हाझमी आणि खालिद अल-मिहधार हे दोघं जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूरला अल-कायदाच्या एका बैठकीला होते आणि सीआयएला ते ठाऊक होतं. नंतर काढलेल्या जाळ्यात उरलेले सगळे या दोघांपासून दोन पावलांच्या आत सापडतात. झालं, 'एआय असतं तर' वाल्यांना आणखी काय हवं! पण मग ते थांबलं का नाही? गणित नव्हतं म्हणून? छे. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने जे मांडलं ते वाचलं तर दिसतं की एका खात्याकडची माहिती दुसऱ्या खात्याकडे वेळेवर गेलीच नाही, त्या दोघांची नावं वॉचलिस्टवर पडली ती ऑगस्ट २००१ मध्ये, तोपर्यंत ते अमेरिकेत राहून-फिरून चुकले होते. इथे कुठलं एआय बसवणार होतात? दोन ऑफिसांच्या मधे?

बरं, समजा सगळी माहिती एकत्र केली. आता ते ९९ टक्क्यांचं बघू, कारण या एका आकड्याने जेवढा घोळ घातलाय तेवढा दुसऱ्या कशाने नाही. समजा १ कोटी लोक आहेत आणि त्यांत खरी घातक माणसं १००. सिस्टिम अशी की घातक माणसाला १०० पैकी ९९ वेळा बरोबर पकडते आणि निर्दोष माणसाला १०० पैकी ९९ वेळा बरोबर सोडून देते. ऐकायला झकास. आता मोजा. शंभरातले ९९ सापडले. आणि निर्दोष लोकांतले १ टक्का, म्हणजे जवळजवळ १ लाख लोक, त्याच यादीत आले. यादीतल्या दर हजार माणसांमागे खरा एक. तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर लाखाची यादी पडली तर तो काय करेल? पहिले काही दिवस इमानदारीत बघेल, मग वरवर बघेल, मग बघायचं सोडून देईल, आणि खरं नाव आलं त्या दिवशी तो बहुतेक चहा पित असेल. यात त्याचा दोष नाही, दुर्मिळ गोष्ट शोधायला निघालात की हे होणारच. कॉम्प्युटरमधली घुसखोरी पकडणाऱ्या सिस्टिमबद्दल स्टेफान अॅक्सेलसनने २००० च्या सुमारासच हे दाखवून दिलं होतं की तिथे खरी अडचण चोर सापडतो का ही नसून खोटे अलार्म किती वाजतात ही आहे. म्हणजे पंचवीस वर्षं झाली हे माहीत होऊन. तरी आजही माल विकताना अचूकतेचा टक्काच पुढे केला जातो आणि आपणही तोच ऐकून मान डोलावतो.

आणि हा कागदावरचा हिशोब नाही. एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांत एनएसए या अमेरिकन गुप्तचर संस्थेच्या एका प्रोग्रॅमच्या स्लाइड्स होत्या, २०१५ मध्ये त्या बाहेर आल्या. पाकिस्तानातल्या साडेपाच कोटी मोबाइलची माहिती मशीन लर्निंगला खायला घालून अल-कायदाचे निरोप पोचवणारे लोक शोधायचे होते. कोण कुठे जातं, किती वेळा सिम बदलतं, कुणाशी बोलतं, यावरून स्कोअर. त्यात वरच्या स्कोअरवर कोण आलं? अहमद झैदान, अल जझीराचा इस्लामाबादचा ब्युरो चीफ. साहजिकच आहे ना! जो पत्रकार अतिरेक्यांच्या मुलाखती घेतो तो त्यांच्याच गावांत फिरणार, त्यांच्याच लोकांना फोन करणार. गणिताच्या दृष्टीने निरोप्या आणि बातमीदार सारखेच दिसतात. त्याच स्लाइड्सवर चुकीचा दर एका ठिकाणी ०.१८ टक्के आणि सुधारून ०.००८ टक्के दिलेला होता, आणि तो कसा, तर खरे निरोपे निम्मे निसटू द्यायचे या बोलीवर. ०.००८ टक्के ऐकायला नगण्य वाटतं, पण साडेपाच कोटींचे ०.००८ टक्के म्हणजे ४,४०० माणसं, आणि ०.१८ ने धरलं तर ९९,०००. या यादीवरून लोकांना मारलं असं काहीजण लिहितात, त्या स्लाइड्समध्ये तसं म्हटलेलं नाही, आणि मला तो मुद्दा ताणायचाही नाही. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' व्हायला फाशीच लागते असं नाही. विमानतळावर दर वेळी बाजूला घेतलं, बँकेने खातं गोठवलं, नोकरी गेली, आणि का ते कुणी सांगत नाही, एवढंही पुरतं.

ओळखीच्या साखळीचंही असंच. २०१३ मध्ये उघड झालं की अमेरिकेत फोनच्या नोंदी गोळा करून एका संशयितापासून तीन उड्यांपर्यंत जायची मुभा होती. तीन उड्या म्हणजे किती? एकाचे शंभर संपर्क धरा, त्या शंभरांचे शंभर-शंभर, त्यांचेही शंभर-शंभर. दहा लाख. काही नावं दोनदोनदा येतील म्हणून कमी करा हवं तर, पण मधे एखादा कस्टमर केअरचा नंबर लागला की उलट वाढेल, कारण तिथे सगळं गावच फोन करतं. २०१४ च्या जानेवारीत तीनच्या दोन उड्या केल्या. त्याच महिन्यात तिथल्या सरकारनेच नेमलेल्या प्रायव्हसी मंडळाने अहवाल दिला की या प्रोग्रॅममुळे एखाद्या दहशतवाद-तपासाच्या निकालात ठोस फरक पडला असं एकही उदाहरण आम्हाला सापडलं नाही. एकही. आणि हे मंडळ काही आंदोलकांचं नव्हतं, गुप्त कागद बघायची परवानगी असलेलं होतं.

इथे नेहमी उत्तर येतं: मग डेटा वाढवा, अल्गोरिदम सुधारा, आज नाही तर उद्या जमेल. मला हे पटत नाही. कारण जाळ्याचा नकाशा हा आभाळातून काढलेला फोटो नसतो, कुणीतरी कुणाकडे तरी बघून काढलेला असतो. माल्कम स्पॅरोने हे १९९१ मध्येच लिहिलं. तो आधी ब्रिटनमध्ये पोलीस अधिकारी होता, म्हणजे टेबलावर बसून बोलणारा नव्हे. त्याचं म्हणणं असं की गुन्हेगारी जाळ्याची माहिती कायम अर्धवट असते, त्याची कड कुठे संपते ते ठरवता येत नाही, आणि तुम्ही बघत असतानाच ते बदलत असतं. त्यातही ज्याच्यावर आधीच नजर आहे त्याच्या रेषा जास्त दिसतात, म्हणून तो 'महत्त्वाचा' ठरतो, म्हणून त्याच्यावर आणखी नजर. खरा सूत्रधार फोनच वापरत नसेल तर नकाशात तो ठिपकासुद्धा नाही. वस्त्यांच्या बाबतीत हे चक्र २०१६ मध्ये क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी दाखवलं. ओकलंडच्या पोलिसांच्या ड्रग-अटकांच्या नोंदी गुन्ह्यांचा अंदाज वर्तवणाऱ्या अल्गोरिदमला दिल्या, तर तो परत परत त्याच गरीब वस्त्यांकडे बोट दाखवत राहिला, आणि आरोग्याच्या सर्व्हेवरून केलेला अंदाज सांगत होता की ड्रग्जचा वापर सगळ्या शहरात पसरलेला आहे. मशीनला गुन्हा कुठे होतो ते कळतच नव्हतं, पोलीस कुठे जातात ते कळत होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, फक्त आता बंबाला कॉम्प्युटर पाठवतो एवढाच फरक.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी या चर्चेत जवळपास कुणी बोलत नाही: समोरचा दगड नाही, माणूस आहे. हवामानाचा अंदाज वर्तवला म्हणून ढग मार्ग बदलत नाहीत, पण गुन्हेगार बदलतात. १९९४ ते १९९६ मध्ये मॉन्ट्रियलच्या पोलिसांनी एक मोठा वेगळा प्रयोग केला, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तो तपासच होता. ड्रग्जच्या एका टोळीचा माल पुन्हा पुन्हा जप्त करायचा पण माणसं पकडायची नाहीत, आणि फोन ऐकत राहायचं. कार्लो मोर्सेली या अभ्यासकाने नंतर त्या फोनवरून जाळं टप्प्याटप्प्याने मांडलं. काय दिसलं? दणके बसत गेले तसं जाळं पसरत गेलं, मधला माणूस मधला राहिला नाही, कडेचे लोक मधे आले. २०१४ मध्ये हॉलंडच्या संशोधकांनी गांजा पिकवणाऱ्यांच्या जाळ्यावर पोलिसांचा डेटा घेऊन कॉम्प्युटरवर हेच चालवून बघितलं, महत्त्वाचे लोक काढत जायचं आणि रिकाम्या जागी बदली माणसं येऊ द्यायची, तर जाळं मोडायच्या ऐवजी काही वेळा आणखी कार्यक्षम झालं. रक्तबीजच तो. तरी सिनेमात आणि प्रेझेंटेशनमध्ये अजून तेच चित्र असतं, मधला मोठा लाल ठिपका उडवला की सगळं कोसळलं. २०१८ मध्ये तर संशोधकांनी उलटा प्रश्न सोडवून दाखवला, म्होरक्याने नकाशात सामान्य दिसायचं असेल तर काय करावं. उत्तर अगदी साधं निघालं: एका महत्त्वाच्या साथीदाराशी थेट संबंध तोडायचा आणि त्याला आपल्या बाकीच्या माणसांशी जोडून द्यायचं. वट तेवढीच राहते, नकाशातला ठिपका बारीक होतो. यासाठी पीएचडी लागत नाही, जुने मुरलेले लोक हे आधीपासून करतच असणार.

बिटकॉइनवरचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. २०१९ मध्ये दोन लाखांवर व्यवहारांचं जाळं संशोधनासाठी खुलं केलं गेलं, त्यातल्या काहींवर काळे की सरळ अशा खुणा करून. त्यावर जाळी समजणारं आधुनिक न्यूरल नेटवर्क चालवलं, आणि रँडम फॉरेस्ट या जुन्या साध्या पद्धतीने त्याला मागे टाकलं. बरं ते असो, टेक्निकवाले बघून घेतील. पण त्याच डेटात मधेच एक डार्क मार्केट, म्हणजे इंटरनेटवरचा चोरबाजार, बंद पडलं, आणि त्या क्षणापासून सगळीच मॉडेल्स तोंडावर आपटली. कालचे चोर पाठ करून आजचे चोर ओळखायचे म्हणजे असंच होणार.

मग शिकागोच्या त्या ६३ टक्क्यांचं काय, ते तर मीच मान्य केलं होतं. हो, आणि तीच गोष्ट माझ्या बाजूची आहे. याच धाटणीच्या आधीच्या संशोधनातून निघालं होतं की अमुक लोक गोळी लागण्याच्या धोक्यात आहेत, साथीच्या रोगात जसं जवळच्यांना आधी गाठायचं तसं यांच्यापर्यंत मदत पोचवा. शहराच्या पोलिसांनी २०१३ पासून धोक्यातल्या लोकांची जी यादी चालवली ती याच विचारातून आली, पण हातात आली ती पोलिसांच्या. रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये तपासलं तर यादीतल्यांचा जीव जास्त वाचला असं काही दिसलं नाही, त्यांना गोळीबाराच्या गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं. २०१९ मध्ये यादी गुंडाळली. ज्याच्या जाळ्यांवरच्या कामामुळे हे सुरू झालं तो अँड्र्यू पापाख्रिस्तोस स्वतः सांगत राहिला की या लोकांकडे होणारे बळी म्हणून बघा, होणारे गुन्हेगार म्हणून नको. गणित तेच, नकाशा तोच, कागदाच्या वर मथळा काय लिहिला त्यावर सगळं फिरलं.

इथून मला रेल्वेकडे वळायचंय. १९३० मध्ये सोव्हिएत रशियात ए. एन. टोलस्टोय (नावावर जाऊ नका, हा वाहतुकीच्या नियोजनातला माणूस) याने रेल्वेच्या जाळ्यावर एक हिशोब मांडला: १० ठिकाणांहून माल ६८ ठिकाणी न्यायचाय तर एकूण अंतर कमीत कमी कसं होईल. पंचवीस वर्षांनी, १९५५ मध्ये, अमेरिकेत हॅरिस आणि रॉस यांनी त्याच देशाच्या रेल्वेचं जाळं टेबलावर घेतलं, पण त्यांना माल न्यायचा नव्हता, अडवायचा होता. कमीत कमी कुठे तोडलं की पूर्वेकडून पूर्व युरोपात जाणारी वाहतूक बंद पडेल? तो अहवाल गुप्त होता, १९९९ मध्ये खुला झाला. त्याच प्रश्नातून फोर्ड आणि फुल्करसन यांचं प्रसिद्ध प्रमेय आलं, की जाळ्यातून जास्तीत जास्त जेवढं वाहू शकतं ते नेमकं तेवढंच असतं जेवढं सगळ्यात स्वस्तात तोडता येणाऱ्या जागी मावतं. म्हणजे नेणारा आणि तोडणारा दोघं वेगवेगळ्या टोकांनी एकच आकडा काढत असतात. आता मला सांगा, शत्रू आपल्या जाळ्यावर हा हिशोब करतोच आहे, तर आपण आपल्या जाळ्यावर तो का करत नाही? आपल्याला तर डेटा चोरायलाही लागत नाही, तो आपलाच आहे.

कॉम्प्युटर सुरक्षेत हे वाक्य २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जॉन लॅम्बर्टने बोलून ठेवलंय: बचाव करणारे याद्यांत विचार करतात, हल्ला करणारे जाळ्यांत. कुठल्याही मोठ्या ऑफिसात जाऊन बघा. सर्व्हरची यादी आहे, युजरची यादी आहे, पॅचची यादी आहे, ऑडिटवाला प्रत्येकापुढे टिक करून जातो. पण रिसेप्शनच्या पीसीवर परवा अॅडमिनने लॉगिन केलं होतं, तो अॅडमिन बॅकअप सर्व्हरवर मालक आहे, आणि बॅकअप सर्व्हरवरून सगळ्या कंपनीचा ताबा मिळतो, हे कुठल्याच यादीत नसतं. २०१६ मध्ये ब्लडहाउंड नावाचं टूल आलं, ते नेमकं हेच करतं, कोणाचा कुठे अधिकार, कोण कुठे लॉगिन, सगळ्या रेषा ओढून सामान्य कर्मचाऱ्यापासून मुख्य अॅडमिनपर्यंतची सगळ्यात जवळची वाट दाखवतं. पहिल्यांदा चालवल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि इथे वर सांगितलेल्या अडचणी जवळपास उरतच नाहीत. नकाशा बराचसा पूर्ण, कारण जाळं आपलं. निर्दोष माणूस भरडला जात नाही, कारण आपण माणसाला नाही, एका परवानगीला संशयाने बघतोय. आणि चूक झाली तर? एक नको असलेली परवानगी काढली गेली, कुणीतरी तक्रार करेल, परत देऊ. हीच चूक माणसांच्या यादीत झाली तर परत काय देणार?

२०१७ च्या जूनमधला नॉटपेट्या हा कॉम्प्युटर व्हायरस घ्या. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि तिथे एक ऑफिस असलेल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या मशीन्स काही तासांत झोपवल्या. नंतर त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. तेही जमलं कशामुळे, तर सगळ्या कंपनीची ओळखपत्रं जिथे असतात ते डोमेन कंट्रोलर सगळीकडचे उडाले होते आणि एकच वाचला होता, घानामधला, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेलेली होती. जाळ्यातून योगायोगाने तुटून बाजूला पडलेल्या एका ठिपक्याने कंपनी वाचवली. मग जे विजेच्या खंडित पुरवठ्याने केलं ते आपण विचार करून करू शकत नाही का, कुठल्या रेषा तोडून ठेवायच्या ते आधी ठरवून? यात कुणाचे फोन ऐकायची गरज कुठे आली?

माझ्या या म्हणण्यालाही छेद आहेत, ते लपवत नाही. एक म्हणजे बचावाचं टूलच जाळ्यातला सगळ्यात मोठा ठिपका होऊन बसतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बंद पाडल्या, विमानं थांबली, हॉस्पिटलं अडली, आणि यात हॅकर कुणी नव्हताच. दुसरं म्हणजे वाटांचाही नकाशा चुकू शकतो. २००० मध्ये अल्बर्ट, जिओंग आणि बाराबाशी यांनी दाखवलं की काही मोजक्या मोठ्या ठिपक्यांवर उभी असलेली जाळी अपघाताला दाद देत नाहीत पण नेम धरून हल्ला केला की ढासळतात, आणि लगेच सगळीकडे 'इंटरनेटचा कच्चा दुवा' म्हणून बोभाटा झाला. मग २००५ मध्ये जॉन डॉइल आणि सहकाऱ्यांनी राउटरच्या, म्हणजे इंटरनेटवरची वाहतूक वळवणाऱ्या यंत्रांच्या, पातळीवर बघून सांगितलं की तिथे जास्त जोडण्यांचे राउटर कडेला असतात, ग्राहकांच्या बाजूला, गाभ्यात नाही, ते पाडले तर गाभा तसाच चालतो. सूत्र छान होतं, पण जाळं तसं नव्हतंच. पण इथे चूक सापडली आणि दुरुस्त झाली, खुल्या चर्चेत, पाचेक वर्षांत, कारण राउटर मोजता येतात. संशयितांच्या गुप्त यादीतली चूक कोण मोजणार, कधी?

आणि एआय कुठे बसतं यात? बसतं, चांगलंच बसतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड) मागचा दरवाजा, म्हणजे मुद्दाम ठेवलेली चोरवाट, सापडला. ती लायब्ररी असंख्य लिनक्स सिस्टिम्सच्या पोटात होती आणि सांभाळत होता जवळपास एकटा थकलेला स्वयंसेवक, त्याचा विश्वास हळूहळू कमावत कुणीतरी आत शिरलं होतं. पकडलं कुणी, तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून त्याचं डोकं फिरलं आणि त्याने खणत नेलं. दर वेळी असा चिकट माणूस मिळेलच असं नाही ना. कुठली लायब्ररी किती गोष्टींच्या पोटात आहे आणि तिच्यामागे किती माणसं आहेत, हा नकाशा काढून जिथे ओझं जास्त आणि खांदे कमी तिथला कोड एआयकडून तपासून घ्या की. २०२४ मध्येच गूगलच्या बिग स्लीप नावाच्या एआयने एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरमधली एक चूक ती रिलीज व्हायच्या आधी शोधून दिली. खोटा अलार्म असेल तर प्रोग्रॅमर कोड चालवून बघतो आणि सोडून देतो, दहा मिनिटं वाया. मिलिंद तांबे यांच्या टीमने २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर जे बसवलं तेही मला याच वळणाचं वाटतं. त्यांनी दहशतवादी कोण हे ओळखायच्या फंदात न पडता हे धरून चाललं की समोरचा आपल्यावर नजर ठेवून आहे, आणि मग नाकेबंदी कधी, कुठे लावायची हे अशा बेताने पण अनियमित ठेवलं की बघणाऱ्याला पॅटर्न सापडू नये. म्हणजे एआय आपल्या बाजूच्या हालचाली ठरवायला.

'मग काय, गुन्हेगारांच्या मागे लागायचंच नाही?' असं कुणीतरी विचारणारच. लागायचं की. पण पुराव्याने एक टोक हातात आलं की तिथून कोर्टाचा कागद घेऊन साखळी धरत जायचं, सगळ्या समुद्रात जाळं टाकून कोण अडकतं ते बघायचं नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन रॅन्समवेअरने ठप्प झाली, पूर्व किनाऱ्याचं जवळजवळ ४५ टक्के इंधन जिच्यातून जातं ती. कंपनीने ७५ बिटकॉइन खंडणी दिली. एफबीआयने त्या पैशांचा माग पत्त्यामागून पत्ता काढत नेला, कोर्टाची परवानगी घेतली आणि महिन्याभरात ६३.७ बिटकॉइन परत मिळवले. जाळ्याचं गणित माणसांच्या मागावर वापरायचं तर असं, आणि त्याला माझा काहीएक विरोध नाही. पण त्याच केसमधली दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. हॅकर आत आले कुठून? एका जुन्या व्हीपीएन अकाउंटमधून (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय), जे कुणी वापरतही नव्हतं आणि ज्याला नुसता पासवर्ड होता, दुसरी तपासणी नाही. ती रेषा कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यात होती, आणि तिच्यावर बोट ठेवायला ना कुणाचे कॉल रेकॉर्ड लागले असते, ना तीन उड्या.